काळ्या बिअरला गुण देताना

टेबलावर काळीभोर बिअर आली की शेजारी बसलेला हमखास विचारतो, "ही फार कडक असणार ना?" घोडबंदर रोडवरच्या पबमध्ये हा प्रश्न ऐकू येतो, डोंबिवलीत येतो, पुण्यातही येतो. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. डब्लिनची गिनेस ड्राफ्ट ही जगातली सर्वांत ओळखीची काळी बिअर. तिच्यात अल्कोहोल साधारण ४.२ टक्के. आपल्याकडे बाटलीवर 'स्ट्राँग' छापून विकली जाणारी पिवळी बिअर ५ ते ८ टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे ग्लासातली ती काळी बिअर या पिवळ्या बाटलीपेक्षा बरीच सौम्य. रंग येतो तो धान्य किती भाजलं त्यावरून आणि अल्कोहोल ठरतं किती साखर आंबली त्यावरून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

हा गैरसमज मला एवढा महत्त्वाचा वाटतो, कारण पोर्टर आणि स्टाउट या दोन काळ्या बिअरना गुण देताना तोच सगळ्यात आडवा येतो. काळी म्हणजे कडक, दाट आणि कडू, असं एकदा मनाने घेतलं की साडेचार टक्क्यांची, हलकी आणि नेटकी पोर्टर 'पाणचट' वाटायला लागते. मग चाखणारा तिला पाचपैकी दोन गुण देऊन मोकळा होतो. माझं म्हणणं असं, की गुण देण्याआधी ती बिअर काय व्हायला निघाली होती हे विचारायला हवं. हलक्या पोर्टरने हलकंच असायला हवं. ते तिला साधलं की नाही, एवढ्यावरच तिचे गुण ठरावेत.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा विषय परका राहिलेला नाही. महाराष्ट्रात क्राफ्ट बिअर रुजायला सुरुवात झाली ती २००९ मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी निघाली तेव्हा. पुढे २०१३-१४ च्या आसपास लोअर परळला बार्किंग डिअर आणि व्हाइट आउल आली. त्याच सुमारास नवीन मित्तल आणि त्यांच्या साथीदारांनी गेटवे ब्रुइंग कंपनी उभी केली, ती थेट डोंबिवलीत. तिचं काम मायक्रोब्रुअरीपेक्षा वेगळं. मायक्रोब्रुअरी मुख्यतः जिथे बनवते तिथेच विकते. गेटवेची बिअर केगमध्ये भरून मुंबईच्या पबमध्ये जाऊ लागली. मुंबईकरांनी हौसेने प्यायलेली 'व्हाइट झेन' ही गव्हाची बिअर डोंबिवलीहून येते, हे पिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना माहीतही नसेल. रंग-रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाने मुंबईच्या नळांना बिअर पुरवली, ही गोष्ट आपल्या भागाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याला एमआयडीसीचं पाणी येतं ते बदलापूरजवळच्या बारवी धरणातून. काळ्या बिअरच्या बाबतीत हा तपशील मोलाचा आहे. सह्याद्रीच्या पावसाचं, धरणात साठलेलं पाणी तुलनेने मृदू असतं. डब्लिनचं पाणी चुनखडीचं, जड. भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं आणि डब्लिनच्या पाण्यातले बायकार्बोनेट त्या आम्लतेला आवर घालतात. म्हणून तिथे काळी बिअर चांगली जमली. उलट, चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनच्या अतिमृदू पाण्यात फिकट लागर बहरली. मृदू पाण्यात काळं धान्य तसंच घातलं तर मिश्रण जास्त आम्ल होतं आणि बिअर जिभेला टोचते, राख चाटल्यासारखी लागते. आजचा ब्रुअर यावर उपाय करतो. तो पाण्यात क्षार घालतो, किंवा काळं धान्य अगदी शेवटी घालतो. त्यामुळे एखादी स्थानिक स्टाउट चाखताना मागे राहणारा तीक्ष्ण, आंबूस चटका जाणवला, तर दोष धान्याचा असेल असं नाही. पाणी नीट साधलेलं नसण्याची शक्यता अधिक.

आता मुख्य गोष्ट, भाजणं. बार्ली भिजवतात, तिला मोड आणतात आणि मोड जरासे वाढले की गरम हवेत सुकवतात. हे झालं माल्ट. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात आणि पुढे गरम पाण्यात तीच पिष्टाची साखर करतात. हलक्या आचेवर सुकवलेलं माल्ट फिकट राहतं. कुठल्याही बिअरचा, अगदी काळ्या स्टाउटचाही, मोठा वाटा याच फिकट माल्टचा असतो. गिनेसमध्ये भाजलेली बार्ली जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी, आणि तेवढीच सगळा ग्लास काळा करून टाकते.

या थोड्याशा भाजक्या धान्यातच पोर्टर-स्टाउटचा जीव आहे. क्रिस्टल माल्ट दाणा ओलसर असतानाच तापवतात. आतल्या आत साखर होते आणि ती करॅमल बनते, त्यातून टॉफी, मनुका, काकवी अशा चवी येतात. चॉकलेट माल्ट कोरडंच २०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. त्याच्या नावातलं चॉकलेट रंगाचं आहे, तरी चव मात्र खरंच कोकोच्या जवळ जाते. त्याहून पुढे, २२० अंशांच्या पलीकडे नेलं की काळं माल्ट. ते जळकट आणि कोरडं असतं, चिमूटभरच घालायचं. चौथी जात म्हणजे मोड न आणता थेट भाजलेली बार्ली. बिनदुधाच्या कॉफीसारखा जो वास आयरिश स्टाउटला येतो, तो हिचा. थालीपीठाच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगवेगळं भाजतात आणि त्यातलं एक जरी करपलं तरी सगळ्या पिठाला करपट वास येतो. पोर्टरचं गणित अगदी तसंच आहे.

भाजताना दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची प्रक्रिया होऊन शेकडो नवे वास तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार याने ही प्रक्रिया १९१२ मध्ये पहिल्यांदा मांडली. पोळीवरचे डाग, भाजलेलं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, कॉफी या सगळ्यांतला खमंगपणा याच प्रक्रियेचा. म्हणूनच काळी बिअर मराठी जिभेला लवकर कळायला हवी असं मला ठामपणे वाटतं. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणावर वाढलेल्या माणसाला खमंग आणि करपट यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. पोर्टर जन्मली अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमध्ये. तिथल्या गोदीत आणि रस्त्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, त्यावरून तिचं नाव पडलं. अमुक एका माणसाने अमुक साली तिचा शोध लावला अशी जी कथा सांगतात, तिला भक्कम आधार नाही. तिच्यातली जी जास्त जोरदार, ती 'स्टाउट पोर्टर', आणि पुढे नुसतीच स्टाउट. १८१७ मध्ये डॅनिअल व्हीलरने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि सगळा धंदा बदलला. फिकट माल्टमध्ये मूठभर काळं माल्ट घालून काळी बिअर करणं आता स्वस्त पडू लागलं. डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंड भाड्याने, ९,००० वर्षांच्या कराराने जागा घेतली होती. त्या शतकाच्या अखेरीस त्याची ब्रुअरी फक्त पोर्टर करू लागली होती.

या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. हिंदुस्थानात ब्रिटिशांनी आणलेली बिअर म्हटली की सगळ्यांना इंडिया पेल एल आठवते. पण पेल एल मुख्यत्वे साहेबलोकांची आणि अधिकाऱ्यांची. गोऱ्या शिपायांसाठी जहाजं भरभरून यायची ती पोर्टर. मुंबई बंदरात उतरणारी पिंपं छावण्यांत जायची आणि दख्खनच्या उन्हाळ्यात तिथला शिपाई काळी पोर्टर प्यायचा. उष्ण हवेला काळी बिअर चालत नाही असं आज छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. श्रीलंकेत तर आजही लायन स्टाउट बनते. निर्यातीच्या बाटलीत ती ८.८ टक्क्यांची असते आणि बिअरवर लिहिणारा इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन याने तिचं मनापासून कौतुक केलं होतं.

मग पोर्टर आणि स्टाउट यांत आज फरक काय? ढोबळ मानाने पोर्टरमध्ये कोको आणि करॅमल पुढे असतात, स्टाउटमध्ये भाजक्या बार्लीचा कॉफीसारखा कोरडेपणा. पण या दोघींच्या सीमा एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की ब्रुअरने जे नाव दिलं तेच प्रमाण मानावं. स्पर्धांसाठी अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या १९८५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने प्रत्येक प्रकाराच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. इंग्लिश पोर्टर ४ ते ५.४ टक्के अल्कोहोलची, आयरिश स्टाउट ३.८ ते ५ टक्क्यांची, अमेरिकन पोर्टर त्याहून थोडी वर आणि इम्पिरिअल स्टाउट थेट ८ ते १२ टक्क्यांची. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत स्ट्राँग बिअरची वरची मर्यादा ८ टक्के आहे. म्हणजे जिथे इम्पिरिअल स्टाउटची सुरुवात होते तिथे आपली बिअर संपते. इथल्या ब्रुअरने ८ टक्क्यांच्या आत इम्पिरिअल धाटणीची स्टाउट केली, तर तिची तुलना बारा टक्क्यांच्या परदेशी बाटलीशी करून तिला कमी लेखणं रास्त नाही.

प्रत्यक्ष चाखायला बसायचं तर आधी ग्लास बघावा. ग्लासात किंवा पेल्यात तेलकटपणा राहिला असेल तर फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. तसं दिसलं की ग्लास बदलून मागायचा, बिअरला दोष द्यायचा नाही. चांगली स्टाउट ओतली की तिच्यावर बदामी रंगाचा फेस येतो. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून तिरका करावा. जी बिअर वरून कोळशासारखी काळी दिसते, तिची पातळ कड बहुतेक वेळा माणकासारखी लाल निघते. तांबूस-तपकिरी कड आणि स्वच्छ, पारदर्शक बिअर हे पोर्टरचं चांगलं लक्षण. गढूळपणा असेल तर कारण शोधावं.

वास मात्र लगेच घ्यावा. फेस असतानाच नाक ग्लासावर आणून दोन-तीन छोटे श्वास घ्यायचे. मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा एकदा. पहिल्या श्वासात जे येतं ते लिहून ठेवायचं, कारण नाक फार लवकर थकतं. इथे शेजाऱ्याशी बोलू नये. एकाने 'व्हॅनिला' म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना व्हॅनिला यायला लागतो. घोट तोंडभर फिरवून गिळावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. ज्याला आपण चव म्हणतो त्याचा मोठा भाग त्या उच्छ्वासातून नाकाला कळतो. या चाखण्यात थुंकून टाकायची पद्धत फारशी नाही, कारण बिअरचा कडूपणा जिभेच्या मागे आणि घशाशी उमटतो आणि गिळल्याशिवाय शेवटचा कोरडेपणा कळत नाही. म्हणूनच एका बैठकीत तीन-चार नमुने, तेही अर्ध्या कपाएवढे, पुरेत. हलक्या बिअरपासून दाट बिअरकडे जायचं, मध्ये साधं पाणी आणि सुका पाव. चखणा टेबलावर नको. मसाला पापड आणि तिखट शेंगदाणे यांनी जीभ पेटली की पोर्टरमधला कोको सापडत नाही.

तापमानाबद्दल मी थोडं आग्रहाने बोलतो, कारण आपल्याकडच्या काळ्या बिअरचे सगळ्यात जास्त गुण इथे जातात. आपल्या बारमध्ये बिअर जितकी थंड तितकी चांगली, असा सरसकट नियम आहे. लागरला तो चालतो. स्टाउट ३-४ अंशांवर दिली की वासाचे रेणू उडतच नाहीत, जीभ बधिर होते आणि उरतो तो फक्त कडूपणा. ती १० ते १३ अंशांच्या दरम्यान प्यावी. मे महिन्यातल्या ठाण्यात त्यासाठी काही करावं लागत नाही, ग्लास टेबलावर दहा-एक मिनिटं ठेवला की काम होतं. थंड असताना एक घोट, मग थांबून दुसरा, आणि दोन्ही वेळा वेगळे गुण लिहायचे. चांगल्या पोर्टरचे गुण ऊब येताच वाढतात. दोष असलेली पोर्टर त्याच वेळी उघडी पडते.

ते दोष ओळखता यायला हवेत. लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर डायअसिटिल, म्हणजे यीस्टला काम पूर्ण करायला वेळ मिळालेला नाही किंवा नळाच्या नळ्या अस्वच्छ आहेत. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळणं कमी पडलं. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी असतानाच बाहेर काढली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा. यीस्ट मरून कुजल्याने सोया सॉससारखा खारट, मांसल वास येतो आणि तो जुन्या स्टाउटमध्ये अधिक आढळतो. ताडी सकाळी गोड आणि दुपारी आंबट लागते हे ठाणे जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. बिअरही ताज्या-शिळ्याच्या याच नियमात बसते, फक्त तिचं घड्याळ दिवस-महिन्यांचं असतं. केग कधी भरला, नळ कधी धुतला, हे विचारायला संकोच करू नये. नळ सांभाळणाऱ्या चांगल्या माणसाला हा प्रश्न आवडतो.

आता गुणांचा तक्ता. त्या अमेरिकन संस्थेच्या तक्त्यात एकूण ५० गुण असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त ३ गुण आहेत, हे मला या तक्त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. समजा एका पोर्टरला वासाचे ९, रूपाचे ३, चवीचे १३, स्पर्शाचे ३ आणि एकूण परिणामाचे ७ दिले, तर बेरीज ३५. त्या मोजपट्टीवर ३० ते ३७ म्हणजे 'फार चांगली', पण मोठा दोष नसला तरी सुधारायला जागा असलेली. ३८ च्या वर उत्कृष्ट, ४५ च्या वर त्या प्रकाराचा नमुना म्हणून दाखवावी अशी. पण नुसत्या ३५ या आकड्यापेक्षा शेजारची ओळ जास्त कामाची असते: 'कोको चांगला, पण शेवट तुरट, बहुधा काळं माल्ट जास्त झालं.' ही ओळ वाचून ब्रुअर पुढची बॅच बदलू शकतो.

स्पर्श हा काळ्या बिअरमध्ये वेगळा अभ्यास आहे. ओटची स्टाउट रेशमी लागते, दुधाची साखर घातलेली गोडसर आणि भरीव, कारण ती साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही आणि तशीच मागे राहते. गिनेसचा तो साईसारखा फेस नायट्रोजनचा. १९५९ मध्ये गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल ॲश यांच्या गटाने कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन वापरायची पद्धत बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ असतात. गंमत अशी, की नायट्रोजनवरची स्टाउट तोंडात दाट लागते पण तिचा वास दबतो. तीच बॅच साध्या नळावर आणि नायट्रो नळावर चाखली तर दोन वेगळ्या बिअर वाटतील. म्हणून गुणांसोबत नळ कुठला होता तेही लिहायला हवं.

याच गिनेस कंपनीने गुण देण्याच्या शास्त्राला फार मोठी देणगी दिली आहे, आणि बिअर पिणाऱ्यांना ती क्वचितच ठाऊक असते. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डचा तरुण १८९९ मध्ये तिथे कामाला लागला. बार्ली आणि कडूपणासाठी घालतात त्या हॉप्सचे नमुने तपासताना त्याची अडचण अशी होती की नमुने मोजकेच असत. चार-पाच नमुन्यांवरून दोन जातींत खरा फरक आहे की निव्वळ योगायोग, हे सांगायचं कसं? त्यातून त्याने छोट्या नमुन्यांचं गणित मांडलं आणि ते १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं, कारण कामगारांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापण्यावर कंपनीचं बंधन होतं. आज वैद्यकीय चाचण्यांपासून शेतीपर्यंत वापरली जाणारी 'स्टुडंटची टी-चाचणी' ती हीच. एका ग्लासावरून बिअरला कायमचा शेरा मारणाऱ्यांनी गॉसेटचं नाव लक्षात ठेवावं.

घरच्या मित्रमंडळींना करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. तीन पेले घ्यायचे, दोनांत एक बिअर आणि एकात दुसरी. चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तो बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पाच जणांपैकी चौघांनी ओळखला, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. यासाठी घरातले स्टीलचे पेले उत्तम, कारण त्यात रंग दिसत नाही. रंग चाखणाऱ्याला किती फसवतो याचा एक प्रयोग बोर्दोमध्ये झाला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना बिनवासाच्या रंगाने लाल केलेली पांढरी वाइन दिली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. जर्मनीत श्वार्त्सबिअर नावाची काळी लागर मिळते. ती स्टीलच्या पेल्यात दिली तर तिला स्टाउट म्हणणारे फारच थोडे निघतील. ग्लासात दिली तर बरेच निघतील.

लोकांच्या गुणांची सरासरी घेणाऱ्या ॲपवरही हाच डोळ्यांचा आणि अल्कोहोलचा प्रभाव दिसतो. जगभर वरच्या क्रमांकांवर इम्पिरिअल स्टाउटच दाटीवाटीने बसलेल्या असतात, बहुतेक दहा टक्क्यांच्या वरच्या, पिंपात मुरवलेल्या, गोड. चार टक्क्यांची निर्दोष पोर्टर तिथे पोहोचत नाही. दोन घोटांत जी दणका देते तिला जास्त गुण मिळतात आणि जी ग्लासभर सोबत करते ती मागे पडते. इथल्या ब्रुअरीही मग तेच बघून मिठाईसारख्या गोड स्टाउट करायला लागतात. काळ्या बिअरचं खरं नुकसान इथे होतंय असं मला वाटतं, आणि त्यावरचा उपाय चाखणाऱ्यांच्याच हातात आहे.

जेवणासोबतही एक शब्द. लंडनच्या कष्टकऱ्यांत स्टाउट आणि ऑयस्टर ही जोडी होती, तेव्हा ऑयस्टर गरिबाचं अन्न होतं. आपल्याकडे तीच कालवं. कालवांचं सुकं आणि कोरडी आयरिश स्टाउट ही जोडी ठाण्यातल्या एखाद्या मालवणी खानावळीने आणि पबने मिळून करून पाहावी. खारेपणाला भाजकी कडू चव फार छान पेलते. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि पोर्टर हेही जमतं, कारण दोन्हीकडे भाजणंच बोलतं. गोड इम्पिरिअल स्टाउटसोबत मात्र तिखट रस्सा नको, अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं.

हे सगळं करताना कायदा ध्यानात असावा. महाराष्ट्रात सौम्य बिअर पिण्याचं वय २१ वर्षं, कडक मद्याचं २५, आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. चार छोटे नमुने चाखले तरी गाडी चालवायची नाही. कल्याण-शिळ रस्ता असो की घोडबंदर, रिक्षा मिळते आणि लोकलही असते.

आमच्या पट्ट्यातल्या ब्रुअरी आणि पब चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. साडेचार टक्क्यांची एक साधी, गोडवा न चढवलेली पोर्टर वर्षभर नळावर ठेवा, ती दहा अंशांवर द्या आणि फळ्यावर केग भरल्याची तारीख लिहा. आणि पिणाऱ्यांनी तिला गुण देताना आकड्याशेजारी एक ओळ लिहून ती ब्रुअरच्या हातात द्यावी.